पायवाटेवरचा प्रयोग



या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने माझी निवड केली, याचा मला आनंद झाला आणि त्याहून अधिक संकोच वाटला. या व्यासपीठावरून आजवर विद्वान माणसे बोलून गेली. मी विद्वान नव्हे. खाणीच्या कार्यालयात आयुष्यभर हिशेब लिहिणारा मी एक कारकून. माझ्याजवळ सांगण्यासारखा विषय एकच आहे, आणि तो म्हणजे माझा उजवा पाय. मज्जारज्जूच्या आजारात तो अधू झाला आणि विजेच्या यंत्राने तो उचलता येतो का, हे मी स्वतःवर पाहिले. तो प्रयोग आज आपल्यापुढे मांडणार आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या मास्तरांशी या प्रयोगाचा फार जवळचा संबंध आहे, म्हणूनच मी हे धाडस करीत आहे.

आपल्यापैकी जुन्या मंडळींना मास्तरांची चाल आठवत असेल. लहानपणीच्या पोलिओमुळे त्यांचा एक पाय बारीक राहिला होता आणि त्या पायाचे पाऊल खाली लोंबत असे. व्हरांड्यातून ते येऊ लागले की आधी चवडा आणि मग टाच, असा 'फट्ट' आवाज येई. त्या आवाजाने वर्ग चिडीचूप होई. मास्तर नसले की मी त्यांची नक्कल करीत असे आणि वर्ग हसत असे. ही गोष्ट १९६८ च्या सुमाराची. एके दिवशी नक्कल ऐन रंगात असताना मास्तर दारात उभे राहिले. छडी त्यांच्या हातात होती, पण ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "नक्कल बरी केलीस, पण चुकीची केलीस. मी चालताना गुडघा जास्त वर उचलतो. तो का उचलतो, ते तू पाहिले नाहीस. आता चवडा खाली सोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चाल आणि वहीत लिहून आण."

मी चाललो. चौथ्या पावलाला अंगठा फरशीला अडला आणि मी पालथा पडता पडता वाचलो. तेव्हा कळले की गुडघा उचलला नाही तर चवडा जमिनीला घासणार आणि माणूस पडणार. मास्तरांची चाल म्हणजे न पडता पुढे जाण्याची त्यांनी शोधून काढलेली रीत होती. मी ते वहीत लिहिले. मास्तरांनी खाली शेरा दिला : 'निरीक्षण ठीक. कारण शोध.' ते कारण शोधायला मला त्रेचाळीस वर्षे लागली.

२०११ साली चतुर्थी नुकतीच होऊन गेली होती. एका सकाळी उठलो तो दोन्ही पायांना मुंग्या होत्या. दुपारपर्यंत कमरेभोवती कोणी घट्ट पट्टा आवळल्यासारखे वाटू लागले, आणि रात्री मला उभे राहता येईना, लघवीही होईना. बांबोळीच्या इस्पितळात तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी 'ट्रान्सव्हर्स मायलायटिस' असे निदान केले. म्हणजे मज्जारज्जूच्या एका भागाला आलेली सूज. माझ्या बाबतीत ती छातीच्या खालच्या भागात होती. या आजारात ढोबळ मानाने एक तृतीयांश रोगी चांगले बरे होतात, एक तृतीयांश अर्धवट सुधारतात आणि उरलेल्यांना फारसा उतार पडत नाही, असे मला सांगण्यात आले. मी मधल्या गटात पडलो. डावा पाय परत आला. उजवाही बराचसा आला, पण त्याचे पाऊल वर उचलेना. डॉक्टर याला 'फूट ड्रॉप' म्हणतात.

घरी आल्यावर पहिल्यांदा काठी घेऊन ओसरीवर चाललो तेव्हा माझ्या कानांवर एक ओळखीचा आवाज पडला. मी तिथेच बसलो. पत्नीला वाटले, घेरी आली. तिला काय सांगणार? तो व्हरांड्यातला आवाज आता माझ्या पायातून येत होता. मास्तर निवर्तले तेव्हा मी दोन्ही पायांनी धडधाकट होतो. त्यांची क्षमा मागावी, हे तेव्हा सुचले नव्हते.

आता थोडे शास्त्र सांगतो. बालमित्रांनी नीट ऐकावे. चालताना पाय पुढे नेतो तेव्हा आपण नकळत चवडा वर उचलतो. नडगीच्या पुढच्या अंगाचा स्नायू हे काम करतो. त्याला मेंदूचा हुकूम दोन टप्प्यांनी मिळतो. पहिला टप्पा मेंदूपासून मज्जारज्जूतून खाली कमरेच्या भागापर्यंत. तेथे दुसऱ्या पेशी तो हुकूम घेतात आणि त्यांच्या लांब तंतूंतून तो स्नायूपर्यंत पोहोचतो. हा दुसरा टप्पा. आपल्या गावच्या विजेचा दाखला घ्या. डिचोलीहून येणारी मोठी तार वादळात तुटली, तर सारा गाव अंधारात जातो. पण गावातल्या खांबापासून तुमच्या घरापर्यंतची तार शाबूत असेल, तर तिला जनरेटर जोडून दिवा लावता येतो. घरची तारच जळून गेली असेल, तर बाहेर कितीही मोठा जनरेटर आणा, दिवा लागणार नाही.

माझी मोठी तार तुटली होती, घरची तार शाबूत होती. मास्तरांचे नेमके उलट होते. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील त्या दुसऱ्या टप्प्याच्या पेशीच मारतो. मग तिथून निघणारा तंतू सुकतो आणि स्नायूही वाळतो. म्हणून दोघांचे पाऊल सारखेच लोंबत असले तरी चाल वेगळी असते. मास्तरांचा पाय सैल होता, ते गुडघा उंच उचलीत. माझा पाय ताठर आहे, तो गुडघ्यात नीट वाकत नाही. म्हणून मी तो बाहेरून अर्धवर्तुळ काढीत, कोयता फिरवावा तसा, पुढे आणतो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हा फरक मला समजावून सांगितला तेव्हा 'कारण शोध' या शेऱ्याचे उत्तर मिळाले.

विजेने स्नायू हलतो, हे ज्ञान जुने आहे. इटलीतील बोलोन्याचे लुईजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग १७९१ साली प्रसिद्ध केले. पण चालणाऱ्या माणसाचे लोंबते पाऊल विजेने नेमक्या वेळी उचलण्याची युक्ती १९६१ सालची. आपण गोमंतकीय ते वर्ष वेगळ्या कारणाने लक्षात ठेवतो. त्याच वर्षी अमेरिकेत लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या रोग्यांसाठी केलेल्या अशा यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. बुटाच्या टाचेखाली एक बटण. टाच उचलली की विजेचा प्रवाह सुरू, टाच टेकली की बंद. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, हाडाचा एक उंचवटा बोटाला लागतो. त्याला वळसा घालून पेरोनियल नावाचा मज्जातंतू कातडीखालून जातो. तेथे एक चिकटपट्टी आणि नडगीवर दुसरी लावली की प्रवाह त्या तंतूला जागे करतो आणि पाऊल उचलले जाते. पुढे त्या वेळच्या युगोस्लाव्हियातील ल्युब्लियाना येथे आणि इंग्लंडमधील सॉल्सबरी येथे या यंत्रावर पुष्कळ काम झाले. कॅनडातील एडमंटन येथे टाचेच्या बटणाऐवजी नडगी किती कलली ते ओळखणारे यंत्र तयार झाले. त्याला बुटाची गरज नाही.

या कामाचा परिणाम मोजलाही गेला आहे. सॉल्सबरीच्या संशोधकांनी १९९७ साली पक्षाघाताच्या ३२ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्र लावून चालणाऱ्यांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला, तर नुसता व्यायाम करणाऱ्यांचा सुमारे ५ टक्क्यांनी. मात्र यंत्र काढल्यावर तो लाभ टिकत नव्हता. म्हणजे हे औषध नव्हे, चष्मा आहे. डोळ्यांवर असेपर्यंत दिसते. २००९ साली ब्रिटनच्या 'नाईस' या संस्थेने मेंदू वा मज्जारज्जूच्या विकारामुळे लोंबणाऱ्या पावलासाठी या उपचाराला मान्यता दिली. पुढे २०१३ साली अमेरिकेतील १९७ पक्षाघातग्रस्तांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यंत्र आणि प्लास्टिकचा साधा स्प्लिंट यांची ३० आठवडे तुलना केली होती. चालण्याचा वेग दोन्हींनी सारखाच सुधारला. समाधान मात्र यंत्रवाल्यांना अधिक होते.

आता माझी हकिकत. २०१२ साली खाणी बंद झाल्या आणि आमचे कार्यालयही. रस्त्यावरचे टिप्पर थांबले, तांबडी धूळ बसली आणि घराघरांतून चिंता सुरू झाली. अशा वेळी २०१३ च्या आरंभी मी एका ठिकाणी विजेचे यंत्र पहिल्यांदा लावून पाहिले. त्या जागेचे नाव घेण्याचे कारण नाही. ते टाचेच्या बटणाचे यंत्र होते. चिकटपट्टी घाईत लावली गेली. प्रवाह सुरू होताच पाऊल वर येण्याऐवजी बाहेर वळले आणि मागची पोटरी गोळा येऊन थरथरू लागली. दहा मिनिटांत मला सांगण्यात आले, "तुमच्या पायाला हे चालणार नाही." मी घरी आलो आणि तो विषय मनातून काढून टाकला.

काढून टाकला असे म्हणतो, पण मास्तरांचा विद्यार्थी एका प्रयोगावर निष्कर्ष काढीत नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी आधी अर्धा तास पोटरीला ताण देऊन ती सैल केली. मग पट्टी बोटभर पुढे, बोटभर मागे सरकवीत पाऊल कसे उचलते ते पाहिले. पट्टी थोडी हलली तरी पाऊल आत किंवा बाहेर वळते. हे त्यांनी मला माझ्याच पायावर दाखवले. माझ्या पायाला स्पर्श कमी कळतो, म्हणून पट्टीखालची कातडी रोज डोळ्यांनी तपासायची ताकीद दिली. पेसमेकर असलेल्याने, आकडी आटोक्यात नसलेल्याने किंवा कातडीवर जखम असलेल्याने हे यंत्र परस्पर लावू नये, आणि मज्जारज्जूची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर रक्तदाब एकाएकी चढण्याचा धोका असतो, हेही सांगितले. मग म्हणाल्या, "काका, आता चाला."

मी चाललो. मुंग्यांचा एक झोत पोटरीच्या बाजूने गेला आणि माझे पाऊल दीड वर्षानंतर पहिल्यांदा उचलले गेले. ते मी उचलले नव्हते, तरी ते माझेच होते. फरशीवर आवाज आला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. यंत्राची किंमत लाखांच्या घरात होती. नोकरी गेल्यावर जी रक्कम हाती आली होती तिच्यातला मोठा हिस्सा त्यात जाणार होता. मी त्याच क्षणी होय म्हणणार होतो. पत्नी शेजारी उभी होती. ती म्हणाली, "अहो, इथली फरशी आरशासारखी आहे. आपल्याकडे आधी चालून बघा, मग घ्या." बाईंना ते पटले. त्यांनी तीन आठवड्यांसाठी यंत्र घरी दिले. सोबत प्लास्टिकचा स्प्लिंटही दिला. तो पोटरीच्या मागून तळपायाखाली येतो आणि पाऊल काटकोनात धरून ठेवतो. त्याची किंमत यंत्राच्या मानाने अगदी किरकोळ.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी एक वही घेतली आणि तिच्यात तीन रकाने आखले : 'काही न लावता', 'स्प्लिंट', 'यंत्र'. अंगणात दहा मीटर मोजून चुन्याच्या दोन रेघा मारल्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी नातू घड्याळ धरून बसे. काही न लावता मला सरासरी २५ सेकंद लागत. स्प्लिंट लावून १९ आणि यंत्र लावून १८. सपाट अंगणात यंत्र किंचित पुढे होते. घरात तर ते फारच पुढे होते, कारण आपण घरात अनवाणी वावरतो आणि स्प्लिंटला वहाण लागते. उंबरठा ओलांडताना, देवघरात जाताना, तुळशीपुढे उभे राहताना यंत्राने मला माझे घर परत दिले, असे मी वहीत लिहिले आहे.

पण त्याच वहीत पुढची पानेही आहेत. दुपारच्या घामाने चिकटपट्टी सुटू लागली. चालता चालता पट्टी सरकली की पाऊल मधेच वळे, आणि न उचलणाऱ्या पावलापेक्षा अवचित वळणारे पाऊल अधिक घातक. सुमारे अर्ध्या तासाने स्नायू थकत असे. शरीर स्वतः स्नायूच्या तंतूंना पाळीपाळीने कामाला लावते. वीज त्यांना एकदम हाकते, म्हणून ते लवकर दमतात. दहाव्या दिवशी पट्टीखाली पुरळ उठले आणि दोन दिवस यंत्र बंद ठेवावे लागले. मग मृग लागला. आमच्या घरापासून बसथांब्यापर्यंतच्या पायवाटेला जांभ्या दगडाच्या पायऱ्या आहेत, त्यांच्यावर शेवाळ धरले. खाणीची माती वाहून आली. नडगी किती कलली यावर वेळ ठरवणाऱ्या त्या यंत्राला उतारावरची माझी अडखळती पावले नीट ओळखता येईनात. पहिल्या पावसानंतरच्या आठवड्यात पायवाटेवर यंत्र लावून मी चार वेळा अडखळलो, स्प्लिंट लावून एकदा. आणि सर्वांत महत्त्वाची नोंद अशी की, साखळीच्या बाजाराला किंवा इस्पितळात ज्या वाटेने जायचे, ती हीच पायवाट होती.

एकविसाव्या दिवशी मी वही पत्नीपुढे ठेवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि काही न बोलता यंत्राच्या पेटीचे झाकण लावले. मी यंत्र परत केले. त्या रात्री मला झोप आली नाही. आवाज न करता चालणारा माझा पाय मी स्वतःच्या हाताने परत दिला होता. पण वहीतले रकाने खोटे नव्हते. तेव्हापासून मी स्प्लिंट वापरतो. रोज पोटरीला ताण देतो आणि काठी घेऊन बसथांब्यापर्यंत स्वतःच्या पायांनी जातो. आजही इथे तसाच आलो आहे. व्हरांड्यातून येताना तुम्ही तो आवाज ऐकला असेल. स्प्लिंटमुळे तो थोडा मंदावला आहे इतकेच.

माझ्या बोलण्यावरून कोणी असे समजू नये की यंत्र निरुपयोगी आहे. माझ्या जागी सपाट रस्त्यावर राहणारा, कचेरीत काम करणारा तरुण असता, तर त्याच वहीतला निकाल उलटा आला असता. तसे लोक आहेत आणि त्यांचे जिणे या यंत्राने सुकर झाले आहे. मला सांगायचे आहे ते एवढेच की, पाय कोणता आजारी आहे, तार कुठे तुटली आहे आणि वाट कोणती चालायची आहे, या तीन गोष्टी पाहिल्याशिवाय कोणतेही साधन चांगले वा वाईट ठरत नाही. पहिल्या ठिकाणी दहा मिनिटांत मला 'नाही' मिळाले. दुसऱ्या ठिकाणी दहा मिनिटांत मी स्वतःच 'होय' म्हणणार होतो. दोन्ही उत्तरे घाईची होती. खरे उत्तर तीन आठवड्यांनी, शेवाळलेल्या पायऱ्यांवर मिळाले.

भारतात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला. म्हणजे समोर बसलेल्या मुलांना मास्तरांसारखी चाल पाहायला मिळणार नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण अपघात, पक्षाघात, मणक्याचा क्षय, मज्जारज्जूचे आजार यांनी पाऊल लोंबणारी माणसे आपल्या तालुक्यात आहेत आणि पुढेही असतील. त्यांच्यातल्या बहुतेकांना असे यंत्र असते हेच ठाऊक नसते. ज्यांना कळते ते एकतर किंमत ऐकून परततात किंवा दागिने मोडून, न पारखता घेतात.

म्हणून माझी माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. मास्तरांच्या स्मरणार्थ निधी जमवण्याची चर्चा सुरू आहे. त्या निधीतून असे एक यंत्र आणि निरनिराळ्या मापांचे काही स्प्लिंट घेऊन ठेवावेत. जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली ज्याला गरज असेल त्याला ते तीन आठवडे स्वतःच्या घरी, स्वतःच्या वाटेवर वापरून पाहू द्यावेत, आणि सोबत तीन रकान्यांची एक वही द्यावी. या कामात मोठा खर्च आहे असे मला वाटत नाही. या कार्याचा आरंभ म्हणून, यंत्र न घेतल्याने माझी जी रक्कम वाचली तिच्यातला काही भाग मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे.

आणि बालमित्रांनो, तुम्हांला एवढेच सांगतो. कोणी वेगळे चालत असेल तर नक्कल करू नका, असा उपदेश मी करणार नाही. मला तो अधिकार नाही. पण नक्कल करण्याआधी नीट पाहा, तो माणूस तसा का चालतो ते शोधा. कारण सापडले की नक्कल करावीशी वाटत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मास्तरांनी मला छडी मारली असती तर ती मी दोन दिवसांत विसरलो असतो. त्यांनी मला वही दिली. ती अजून भरते आहे.

मास्तरांच्या स्मृतीला वंदन करतो, त्या दिवसाबद्दल त्यांची क्षमा मागतो आणि आपली रजा घेतो.